‘टा, लव्ह’ म्हणाले म्हणून सासूबाई रागावल्या

आदरणीय बाई,

आमचं देवबागात निवास-न्याहारीचं घर आहे, चार खोल्यांचं. पूर्वी मुंबई-पुण्याचेच पाहुणे असत, आता गोव्याकडून स्कूटर घेऊन परदेशी माणसंही येतात. माझं शिक्षण बारावी, मराठी माध्यमातून. खोली, जेवण, पैसे एवढ्यापुरतं इंग्रजी मला जमतं. पण ही माणसं बोलतात ते पुस्तकातलं इंग्रजी नसतं. यॉर्कशायरचे एक आजोबा चहाच्या प्रत्येक कपाला मला ‘टा, लव्ह’ म्हणायचे. सासूबाईंना त्यातलं ‘लव्ह’ तेवढं कळलं आणि त्या अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. आल्या दिवशी त्यांच्या आजी ‘वी आर नॅकर्ड’ म्हणाल्या, ते ह्यांनी ‘नेकेड’ ऐकलं आणि हे पडवीतून उठून मागच्या दारी गेले. ‘व्हॉट टाइम इज टी?’ असं विचारलं म्हणून मी पाचला चहा आणि खाजं ठेवलं, तर दोघं ताटाची वाट बघत बसून राहिली. ऑस्ट्रेलियाची एक मुलगी किनाऱ्यावरून येऊन ‘माय थाँग्ज आर गॉन’ म्हणाली, तर माझा कॉलेजात जाणारा मुलगा लाजून आत पळाला. पुण्याच्या मुलांनी सुरमईची आमटी ‘सिक’ आहे म्हटलं, मी घाबरून ओव्याचा काढा केला. आता कुणीतरी रिव्ह्यूत लिहिलंय, ‘आँटी इज द गोट’. गोट म्हणजे बकरी एवढं ह्यांना माहीत आहे. हे म्हणतात, तू उत्तर दे, नाहीतर मी देतो.

मुलगा मला हसतो. अशा बोलीचा कोर्स असतो का? आणि मीही पाहुण्यांशी तसंच बोलू लागले तर त्यांना बरं वाटेल का?

देवबागची एक वाचक

ताई,

आधी सासूबाईंचं बघू. बाकीचे शब्द थांबतील, घरातला अबोला फार दिवस ठेवू नये.

‘टा’ म्हणजे थँक यू. इंग्लंडात लहान मुलाच्या हातात खाऊ दिला की त्याला ‘टा’ म्हणायला शिकवतात, आणि मोठेपणीही तो शब्द कित्येकांच्या जिभेवर राहतो. ‘लव्ह’ ही यॉर्कशायरची हाक आहे. तिथे बसचा ड्रायव्हर चढणाऱ्या बाईला लव्ह म्हणतो, दुकानातली बाई गिऱ्हाइकाला म्हणते, म्हातारा माणूस अनोळखी पोरीला म्हणतो, आणि काही गावांत बाप्ये बाप्यांनाही म्हणतात. डर्बीशायर-नॉटिंगहॅमकडे याच जागी ‘डक’ येतं, म्हणजे बदक. न्यूकॅसलला ‘पेट’. ग्लासगोकडे बाईमाणसाला ‘हेन’ म्हणतात, म्हणजे चक्क कोंबडी. कोंबडी म्हटलं म्हणून तिथली एकही बाई रागावत नाही. हाक मारणाऱ्याने आपल्याला परकं मानलं नाही, एवढाच तिचा अर्थ.

सासूबाईंना हे इंग्रजीकडून समजावू नका, मालवणीकडून समजावा. बऱ्याच दिवसांनी दारात आलेल्या भाच्याला त्या काय म्हणतात? ‘मेल्या, इतके दिस खंय होतंस?’ असं म्हणणारी म्हातारी त्याच्या मरणावर टपलेली नसते, त्याला बघून ती हरखलेली असते. ‘आयचो घो’ आपल्या तोंडून कौतुकाने निघतो, आश्चर्याने निघतो, कधी पायाला ठेच लागली म्हणूनही निघतो. घाटावरचा माणूस पहिल्यांदा हे ऐकतो तेव्हा दचकतो. त्याला वाटतं, इथे आता मारामारी होणार. आणि पाचव्या मिनिटाला तेच दोघं पारावर बसून गजाली करताना दिसतात. सासूबाई उभा जन्म अशी बोली बोलत आल्यात, म्हणून त्यांना ही गोष्ट तुमच्या मुलापेक्षा लवकर कळेल. आजोबांच्या तोंडचं ‘लव्ह’ म्हणजे त्यांच्या तोंडचं ‘गो बाय’, एवढं सांगा आणि त्यांच्यासाठी चहा टाका.

मात्र एक बजावून सांगते. शब्द निरुपद्रवी आहे म्हणून तो बोलणारा प्रत्येक माणूस निरुपद्रवी असतो असं समजू नका. हाच शब्द कुणी तुम्हाला एकटं गाठून, अंगचटीला येत म्हणाला, तर ‘आमच्याकडे सगळे असंच बोलतात’ ही सबब ऐकून घ्यायची नाही. हे आजोबा बायकोच्या शेजारी बसून, सासूबाईंच्या देखत, कप हातात घेताना म्हणत होते. कोण, कुणाला, कुठे आणि कसल्या चेहऱ्याने म्हणतोय, यावर या बोलीचा अर्थ ठरतो. शब्दकोश त्यानंतर येतो. तुमच्या पत्रातल्या बाकीच्या सगळ्या घोटाळ्यांनाही हीच किल्ली लागते.

‘नॅकर्ड’ म्हणजे दमून जीव जायची वेळ आलेला. नॅकर नावाचा एक धंदेवाला असे. काम होईनासं झालेली म्हातारी घोडी तो विकत घ्यायचा, मारायचा आणि कातडं, खूर, हाडं विकायचा. आता मला त्याच्याकडेच पाठवा, इतकी माझी दशा झालीय, असं ते म्हणणं. गोव्याहून उन्हातून स्कूटरवर आलेल्या त्या वयाच्या माणसांना गादी, पंखा आणि गार पाणी हवं होतं. त्याच्या पुढेमागे ‘किप’ असा शब्द ऐकू आला तर तीही झोपेचीच मागणी, ‘अ क्विक किप’ म्हणजे घटकाभर डोळा लावणं. तुमच्या यजमानांनी उठून जाऊन सभ्यपणाच दाखवला, त्यांना हसू नका. फक्त हा शब्द तुम्ही स्वतः पाहुण्यांपुढे वापरू नका. याचं एक ओंगळ भावंड आहे आणि जुन्या वळणाच्या इंग्रज बाईला तो परक्याच्या तोंडी खटकतो. तुमचं ‘यू मस्ट बी टायर्ड’ पुरेसं आहे.

चहाचा घोटाळा तुमचा एकटीचा नाही. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बऱ्याच घरांत दुपारच्या जेवणाला ‘डिनर’ म्हणतात आणि संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’. गिरणीतून, खाणीतून दमून आलेला माणूस संध्याकाळी गरम जेवायचा आणि सोबत चहा असायचा, त्यावरून जेवणालाच ते नाव पडलं. म्हणजे आजोबांनी विचारलं होतं, ‘जेवण किती वाजता?’ आणि तुम्ही त्यांच्यापुढे खाजं ठेवलंत. पण ‘टी’ म्हटलं की जेवणच, असंही धरून चालू नका, कारण लंडनकडच्या माणसाला चहाच हवा असेल. यावर उपाय सोपा आहे. जेवणघरात एक कागद लावा. त्यावर ‘डिनर’ लिहू नका आणि नुसतं ‘टी’ही लिहू नका. ‘मॉर्निंग नाश्ता’, ‘चाय’, ‘इव्हनिंग मील’ असं लिहून पुढे वेळा टाका. ‘चाय’ हा शब्द आता इंग्लंडातही कळतो.

आता थाँग्ज. ऑस्ट्रेलियात थाँग्ज म्हणजे आपली रबरी स्लीपर, अंगठ्याशी पट्टा असलेली. तिची स्लीपर भरतीच्या पाण्याने नेली असणार. इंग्लंड-अमेरिकेत मात्र त्याच शब्दाचा अर्थ अगदी तोकडं अंतर्वस्त्र असा होतो. तुमच्या मुलाला तो दुसरा अर्थ माहीत होता, म्हणून तो पळाला. मुलगी बिचारी तापल्या वाळूत अनवाणी उभी राहिली.

हे मुलाला जरूर सांगा, रागाने नको. त्याला येतं ते इन्स्टाग्रामवरच्या तरुण पोरांचं, बरंचसं अमेरिकन वळणाचं इंग्रजी. ‘रिझ’ त्याला माहीत असेल. करिझ्मा या शब्दाचा मधला तुकडा तोडून तो केलाय, आणि ऑक्सफर्डने २०२३ सालचा शब्द म्हणून तो निवडला होता. पण सत्तरीच्या लंडनवाल्याने त्याला ‘हॅव अ बुचर्स अ‍ॅट दिस’ म्हटलं तर तोही तुमच्याइतकाच गोंधळेल.

ही बुचर्सची गंमत सविस्तर सांगायला मला आवडेल, कारण इतकी कल्पक बोली मी दुसरी पाहिली नाही. लंडनच्या पूर्व भागातल्या फेरीवाल्यांनी, हमालांनी, कष्टकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ती चालवली. म्हणायचं असतं ‘लुक’, म्हणजे बघ. लुकशी यमक कशाचं जुळतं? ‘बुचर्स हुक’चं, म्हणजे खाटकाच्या आकड्याचं. मग ज्या शब्दाने यमक जुळलं तोच गाळून टाकायचा. उरलं ‘बुचर्स’. परका माणूस खाटीक शोधत बसतो आणि यांचं बघून होतं. ‘यूज युअर लोफ’ म्हणजे डोकं चालव. हेडचं यमक ‘लोफ ऑफ ब्रेड’शी, त्यातला ब्रेड गायब. ‘पोर्कीज’ म्हणजे थापा. लाइजचं यमक ‘पोर्क पाइज’शी. ‘डॉग अँड बोन’ म्हणजे फोन, इथे मात्र बहुतेकदा पूर्ण जोडीच बोलतात. पोलिसांना आणि गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून हे सुरू झालं असं सांगतात. आपल्याकडे शाळेतल्या मुली ‘च’ची भाषा बोलतात आणि बाई वर्गात आल्या तरी थांबत नाहीत, तसलाच आनंद यातही असावा. ‘यूज युअर लोफ’ आज सगळ्या इंग्लंडात ऐकू येतं, आणि त्यात पाव कुठून आला हे बोलणाऱ्यांतल्या अनेकांना माहीत नसतं.

ऑस्ट्रेलियाच्या पाहुण्यांची खोड निराळी. ते शब्द अर्ध्यावर तोडतात आणि शेवटी ‘ई’ किंवा ‘ओ’ लावतात. ब्रेकफास्टचं ‘ब्रेकी’, आफ्टरनूनचं ‘आर्व्हो’, सनग्लासेसचं ‘सनीज’, पोस्टमनचा ‘पोस्टी’. डासाला ‘मॉझी’ म्हणतात. खाडीकाठच्या घरात हा शब्द तुम्हाला नक्की ऐकू येणार, आणि ‘द मॉझीज आर शॉकिंग’ कानावर पडलं की न बोलता मच्छरदाणी नेऊन द्यायची. ‘सेल्फी’ हे याच कुळातलं. २००२ साली एका ऑस्ट्रेलियन माणसाने पडून फुटलेल्या ओठाचा स्वतःच काढलेला फोटो इंटरनेटवर टाकला आणि त्याखाली हा शब्द लिहिला, ती त्याची सापडलेली पहिली लेखी नोंद. २०१३ मध्ये ऑक्सफर्डने तो वर्षाचा शब्द ठरवला, आणि आज सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत बसलेली आजीसुद्धा तो बोलते.

हेच लोक तुम्हाला सकाळी ‘हाऊ या गोइंग?’ विचारतील. तुम्ही कुठे आणि कशाने जाताय, हा त्यांचा प्रश्न नसतो. ‘कशा आहात’ एवढंच ते विचारतात. इंग्रज माणूस ‘यू ऑल राइट?’ म्हणतो तेव्हाही तुमचा चेहरा आजारी दिसतोय असं नसतं. आपल्याकडे वाटेत भेटलेला माणूस ‘खंय चललंस गो?’ म्हणतो, त्याला आपण कुठे पत्ता देतो? ‘हंयच’ म्हणून पुढे जातो. तसं ‘गुड, थँक यू’ म्हणायचं आणि हातातलं काम चालू ठेवायचं.

दोन शब्दांची भीती मात्र घालवायलाच हवी. एक ‘ब्लडी’. हिंदी सिनेमामुळे आपल्या कानाला ती नुसती शिवी वाटते. ऑस्ट्रेलियन माणूस कुर्ली फोडता फोडता ‘ब्लडी गुड क्रॅब’ म्हणाला तर तुमच्या हाताला त्याने दिलेली ती मोठी दाद आहे, तिथे ‘ब्लडी’ फक्त जोर देतं. दुसरा ‘स्टफ्ड’. जेवणानंतर ‘आय अ‍ॅम स्टफ्ड’ म्हणजे पोट तुडुंब भरलं, आता वाढू नका. ‘द स्कूटर इज स्टफ्ड’ म्हणजे स्कूटर बिघडली, मेकॅनिकला बोलवा. आणि ‘गेट स्टफ्ड’ म्हणजे चालता हो. एकच शब्द तीन ठिकाणी तीन माणसांसारखा वागतो. शेवटचा प्रकार कुणी तुमच्याशी केला तर त्याचा अर्थ शोधायची गरज नाही. असा पाहुणा आवाजावरूनच कळतो, आणि त्याला खोली रिकामी करायला सांगायचा तुम्हाला अधिकार आहे.

पुण्याच्या मुलांच्या ‘सिक’ने तुम्ही घाबरलात, याचं मला फार वाईट वाटलं. त्या मुलांनी तुम्हाला लगेच अर्थ सांगायला हवा होता. ‘सिक’ म्हणजे भन्नाट. वाईट अर्थाचा शब्द उलटा करून कौतुकाला वापरायचा, ही तरुणांची जुनी रीत आहे. ‘बॅड’चं तसं झालं, ‘विकेड’चं झालं, १९८०च्या दशकात अमेरिकन पोरांनी ‘सिक’चं केलं. आपल्या पोरांनी ‘खतरनाक’चं तेच केलंय. ‘आमटी खतरनाक झालीय’ असं ऐकून तुम्ही घाबरला नसता. ओळखायची खूण सांगते. वस्तू सिक असेल, म्हणजे आमटी, होडी, सूर्यास्त, तर कौतुक. माणूस ‘आय फील सिक’ म्हणाला तर पोटात ढवळतंय, तुमचा ओवा तेव्हा कामाचा. आणि ‘आय अ‍ॅम गोइंग टू बी सिक’ म्हणजे आत्ता उलटी होणार. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होडीवाल्यांना हे एवढं वाक्य आधी शिकवा. पाहुणा ते म्हणाला की त्याला होडीच्या काठाकडे तोंड करून बसवायचं.

तुमच्या पत्रात एक वाक्य मला टोचलं, की ही बोली पुस्तकातली नाही. त्यामागे तुमची अशी समजूत दिसते की ती फार लांबची आणि शिकलेल्यांची आहे. ती शिकलेल्यांची नाही. शिपाई, खलाशी, फेरीवाले, गिरणीकामगार, शाळकरी पोरं यांनी ती घडवली. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी तर जगाला ‘कूल’ दिलं, जॅझ वाजवणाऱ्यांच्या तोंडून तो सगळीकडे गेला. आणि लांबची म्हणाल, तर तिचा एक तुकडा आपल्या देवळालीचा आहे. नाशिकजवळच्या देवळालीला ब्रिटिश फौजेची छावणी होती. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तिथे बोटीची वाट बघत राहायचे. सैनिकांना नेणाऱ्या बोटी थंडीच्या महिन्यांतच सुटत, त्यामुळे ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली तो महिनोनमहिने तिथे अडकायचा. हाताला काम नाही, वर ऊन, दारू, हिवताप. काहींची डोकी फिरायची. त्याला शिपाई ‘देवळाली टॅप’ म्हणू लागले, आणि हा टॅप म्हणजे आपला ताप. इंग्रजांच्या जिभेवर देवळालीचं ‘डूलाली’ झालं. आजही इंग्लंडात कुणी विचित्र वागू लागला की म्हणतात, ‘ही हॅज गॉन डूलाली’. पुन्हा असे आजोबा आले तर त्यांना विचारा, डूलाली कुठे आहे ते ठाऊक आहे का. नकाशात दाखवा. त्यांच्याकडच्या कित्येकांना हे खरंच एका गावाचं नाव आहे याची कल्पना नसते.

‘टेक अ डेको’ म्हणजे एक नजर टाक, ते ‘देखो’ आहे. ‘कुशी जॉब’ म्हणजे आरामाची नोकरी, त्यात खुशी आहे. परदेशातला इंग्रज मायदेशाला ‘ब्लायटी’ म्हणायचा, तो आपल्या ‘विलायती’चाच अपभ्रंश. तेव्हा या बोलीपुढे दबून जायचं काही कारण नाही.

आता कोर्स. पैसे घालवू नका. एक वही करा. परदेशी पाहुणा आला की २४ तासांच्या आत तुम्हाला त्याची माहिती सरकारकडे कळवावीच लागते, पासपोर्ट हातात असतो, तेव्हाच वहीच्या पानावर देश लिहून ठेवा. मग जो शब्द अडेल तो देवनागरीतच, कानाला ऐकू आला तसा, टिपा. सोबत कोण बोललं, कशाविषयी, हसून की कपाळाला आठ्या घालून, हे दोन शब्दांत लिहा. आठ्या घालून बोललेलं आणि हसून बोललेलं यांत शब्द एकच असला तरी तुमचं पुढचं काम वेगळं असतं.

आणि विचारा. ‘सॉरी, व्हॉट डज दॅट मीन?’ एवढं एक वाक्य पाठ असलं की पुरे. मला मनापासून वाटतं की या वाक्याला लाजणं हीच तुमची खरी अडचण आहे, इंग्रजी नव्हे. माणसांना आपल्या गावचा शब्द समजावून सांगायला विलक्षण आवडतं. कुणी आपल्याला विचारलं, की ‘झील’ म्हणजे काय, ‘चेडू’ म्हणजे काय, तर आपण हातातलं काम टाकून सांगतो. यॉर्कशायरचे आजोबाही तुम्हाला ‘टा’ समजावताना खुर्ची पुढे ओढून बसले असते, आणि सासूबाई शेजारीच असल्यामुळे सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं.

ज्याला विचारता आलं नाही तो शब्द रात्री मोबाइलवर केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या शब्दकोशात बघा. मुलाला शेजारी बसवा, त्याचाही फायदा होईल. तिथे शब्दाच्या पुढे बारीक अक्षरात शेरा असतो. इन्फॉर्मल म्हणजे घरगुती बोलणं, स्लँग म्हणजे कट्ट्यावरचं, ओल्ड-फॅशन्ड म्हणजे आता मागे पडलेलं, ऑफेन्सिव्ह म्हणजे लागेल असं. ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन असा देशही लिहिलेला असतो. अर्थाच्या आधी तो शेरा वाचायची सवय लावा. भाषांतराचं अ‍ॅप या कामाला फसवं, ते तुमच्या यजमानांसारखी बकरीच दाखवील. अर्बन डिक्शनरी नावाची जागा मुलाला माहीत असेल. तिथे कुणीही काहीही लिहू शकतो. नव्या शब्दांचा पत्ता तिथे लवकर लागतो, पण पोरांनी गंमत म्हणून लिहिलेले खोटे आणि घाणेरडे अर्थही तिथेच असतात. म्हणून तिथला एकट्याचा अर्थ खरा धरू नका.

तुम्ही स्वतः असं बोलावं का? माझं स्पष्ट मत, नाही. समजून सगळं घ्या, बोला साधं. मी हे भिडस्तपणामुळे सांगत नाही. ही बोली ज्याच्या वयाची, गावाची आणि मैत्रीची, त्याच्याच तोंडी ती बसते. कुणी पर्यटक मालवणात उतरल्याबरोबर तुमच्या सासऱ्यांना ‘मेल्या’ म्हणाला तर? शब्द अस्सल, उच्चारही बरोबर, पण तो अधिकार त्याने अजून मिळवलेला नाही. शिवाय हे शब्द भराभर शिळे होतात. मुलगा आज सांगेल तो शब्द दोन वर्षांनी त्याच्याच मित्रांत हास्यास्पद ठरेल. हजारांतला एखादाच टिकतो. १८३९ साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने गमतीने ‘ऑल करेक्ट’ची स्पेलिंगं चुकीची धरून त्याची दोन आद्याक्षरं छापली. तेव्हा तिथे अशा आद्याक्षरांची लाटच आली होती. बाकीची सगळी विरली, ‘ओके’ राहिलं. तुम्ही रोज जे म्हणता तेच हे.

तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला तुमच्या तोंडून त्याच्या गल्लीतलं इंग्रजी ऐकायचं नसतं. तुम्ही सोलकढी वाढताना ‘घेवा, आणखी घेवा’ म्हणता ते त्याला ऐकायचं असतं. ते तसंच म्हणा. त्याने अर्थ विचारला की सांगा, आणि त्याच्या वहीतही एक शब्द जाऊ द्या.

राहिली बकरी. इथे गोट हे इंग्रजी अक्षरांचं जोडकाम आहे: ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम, या शब्दांची आद्याक्षरं. आजवरची सर्वश्रेष्ठ. मुष्टियोद्धा मुहम्मद अली स्वतःला ‘द ग्रेटेस्ट’ म्हणवून घ्यायचा. त्याच्या पत्नीने १९९२ साली त्याच्या नावाचे व्यवहार बघायला कंपनी काढली, तिचं नावच ‘गोट’ असं ठेवलं. आता पोरं मेस्सीला गोट म्हणतात, तेंडुलकरला म्हणतात, आणि देवबागात तुमच्या हातची आमटी जेवून एका मुलाने किंवा मुलीने तुम्हाला म्हटलंय. यजमानांना हे आजच सांगा, त्यांनी काही टाइप करायच्या आत.

उत्तर मात्र द्या, कारण पुढचा पाहुणा ते वाचतो. मी असं लिहिलं असतं: ‘थँक यू सो मच. आय अ‍ॅम हॅपी यू लाइक्ड माय कुकिंग. प्लीज कम अगेन बिफोर द रेन्स.’ पावसाळ्यात तुमच्या होड्या बंद असतात, म्हणून शेवटचं वाक्य ठेवा. त्याखाली देवनागरीत ‘येवा’ लिहा आणि तुमचं नाव घाला. ‘आँटी’ नको, तुमचं स्वतःचं नाव.